शेगडी, जीप आणि तंबू

मल्हारगंजात आमच्या गल्लीत चारचाकी वळवणं हेच मुळात एक गिर्यारोहण आहे. एका बाजूला कचोरीवाल्याचा ओटा, दुसऱ्या बाजूला कुणाची तरी ॲक्टिव्हा, आणि मध्ये गाय. अशा गल्लीत गेल्या डिसेंबरात मामा त्याची फोर बाय फोर जीप घेऊन आला आणि म्हणाला, "नाताळच्या सुट्टीत बर्फात तंबू ठोकायचा. चला."

मंडळाच्या बैठकीत मी हे सांगितलं तेव्हा सगळ्यांनी प्रवासवर्णनच मागितलं. बर्फ, चंद्र, गरम चहा वगैरे. ते मी लिहिणार नाही. त्या सहलीत दोन गोष्टी मला नीट समजल्या, दोन्ही आधी समजल्या असत्या तर बरं झालं असतं, आणि त्यांतली एक तुमच्या घरातल्या न्हाणीघराशी संबंधित आहे. म्हणून हा लेख थोडा समजावून सांगणारा आहे. कंटाळा आला तर मधला जीपचा भाग सोडा, पण शेगडीचा सोडू नका.

आम्ही पाच जण होतो. आई, बाबा, मी, माझा अकरा वर्षांचा धाकटा भाऊ आणि मामा. आजीला मावशीकडे ठेवलं होतं. उज्जैन, कोटा, जयपूर, चंदीगड, मंडी करत चौदाशे किलोमीटरच्या घरात अंतर, तीन दिवस. मनालीच्या पुढे अटल बोगदा. हा बोगदा ३ ऑक्टोबर २०२० ला सुरू झाला, लांबी ९.०२ किलोमीटर. त्याआधी हिवाळ्यात लाहौल खोऱ्यात गाडीनं जाणं जवळपास अशक्य होतं, कारण रस्ता ३,९७८ मीटरवरच्या रोहतांग खिंडीतून जायचा आणि ती खिंड बर्फानं बंद व्हायची. आता इंदूरची माणसं पोहे खाऊन निघतात आणि चौथ्या दिवशी लाहौलमध्ये सेल्फी काढतात. सोय झाली हे खरंच. पण जिथं पूर्वी फक्त जाणती माणसं राहायची तिथं आता आमच्यासारखी अजाण माणसंही पोचतात.

आधी जीप.

माझी समजूत अशी होती की फोर बाय फोर म्हणजे जास्त ताकदीची गाडी. तसं नाही. इंजिन तेच असतं, फक्त त्याची ताकद दोनऐवजी चारही चाकांना मिळते. हे का लागतं ते सप्टेंबरात जानापावच्या पायथ्याशी मामानं दाखवलं होतं. जानापाव आपल्या महूजवळचा विंध्यातला डोंगर, चंबळ तिथून निघते, कार्तिकी पौर्णिमेला जत्रा भरते. पाऊस नुकताच झालेला, काळी माती म्हणजे नुसतं लोणी. मामानं मुद्दाम जीप चिखलात घातली. मागचं डावं चाक गरगर फिरायला लागलं, उजवं मात्र ढिम्म.

"उजवं का फिरत नाही?" मी विचारलं.

कारण डिफरन्शियल. गाडी वळते तेव्हा बाहेरच्या चाकाला जास्त अंतर कापावं लागतं, आतल्याला कमी. दोन्ही चाकं एकाच दांड्याला घट्ट बसवली तर वळताना एक घसटत जाईल. म्हणून ॲक्सलच्या मध्ये जो मोठा गोळा दिसतो, त्यात असे दातेरी चक्र असतात की दोन चाकं वेगवेगळ्या गतीनं फिरू शकतात. साध्या रस्त्यावर ही फार छान सोय. चिखलात हीच सोय घात करते. साधं डिफरन्शियल दोन्ही चाकांना सारखाच जोर देतं, आणि घसरणाऱ्या चाकाला जोर लागतच नाही, म्हणून दुसऱ्यालाही तेवढाच नगण्य जोर मिळतो. एक चाक नाचतं, दुसरं बघत बसतं. आपल्याकडच्या ग्रुप प्रोजेक्टसारखंच, पण ते असो.

मामानं दुसरा छोटा दांडा ओढून 'फोर हाय' टाकला. आता पुढच्या ॲक्सललाही ताकद मिळाली, पुढची चाकं घट्ट जमिनीवर होती, जीप बाहेर आली. यातही मेख आहे. पुढचं एक आणि मागचं एक, कर्णरेषेतली दोन चाकं, दोन्ही निसरड्यावर आली तर फोर बाय फोरसुद्धा अडकते. आणि कोरड्या डांबरी रस्त्यावर अशा जीपमध्ये 'फोर' लावून वळायचं नसतं, कारण पुढचा आणि मागचा दांडा एकाच गतीनं बांधलेले असतात, वळताना मात्र पुढची चाकं मागच्यांपेक्षा जास्त अंतर जातात. तो ताण कुठं तरी निघणार, आणि तो गिअरमध्ये निघतो.

'फोर लो' म्हणजे वेगळाच प्रकार. गिअरबॉक्सच्या नंतर आणखी एक गिअर लागतो, त्यामुळे गती दोन-अडीच पट कमी आणि जोर तेवढाच जास्त. चढासाठी हे असतं असं वाटतं, पण मामाच्या मते त्याचा खरा उपयोग उतारावर. पहिल्या गिअरमध्ये 'फोर लो' टाकला की गाडी इंजिनच्या धाकानं मुंगीसारखी उतरते, ब्रेकला पाय लावावा लागत नाही.

आणि इथं बहुतेक लोकांची फसगत होते. फोर बाय फोर गाडी निघते छान. थांबताना तिला काहीच जास्तीचं मिळत नाही. ब्रेक तर अल्टोलाही चारही चाकांना असतात. थांबणं टायर आणि रस्ता यांच्यातल्या घर्षणावर आहे. मी गणित करून पाहिलं. ताशी ४० किलोमीटर वेगानं जाताना कोरड्या डांबरावर ब्रेक दाबल्यावर गाडी साधारण ९-१० मीटरमध्ये थांबते. काचेसारख्या कडक बर्फावर घर्षण सातेक पटींनी कमी होतं, म्हणजे तीच गाडी ६० मीटरच्या पुढे जाते. राजवाड्यासमोर ब्रेक दाबायचा आणि गाडी खजुरी बाजारात थांबायची, असा प्रकार. जो चालक फोर बाय फोरच्या भरवशावर निर्धास्त होतो तो चढ चढून जातो आणि उतारावर लोकांच्या गाड्यांवर जाऊन आदळतो. डिसेंबर २०२४ मध्ये सोलंगला अचानक बर्फ पडला आणि पाच हजारांच्या आसपास पर्यटकांना पोलिसांनी बाहेर काढलं, ती बातमी तुम्ही वाचली असेल. व्हिडिओत ज्या गाड्या आडव्यातिडव्या घसरत होत्या त्या चढत नव्हत्या, उतरत होत्या. म्हणूनच बर्फ पडला की तिथले पोलीस फोर बाय फोर किंवा चाकांना साखळ्या लावलेल्या गाड्याच पुढे सोडतात. मामानं दोन्हीची तयारी ठेवली होती. साखळी लावायला आम्हांला पहिल्यांदा पाऊण तास लागला आणि बाबांची बोटं सोलली. ही साखळी घरी, अंगणात दोनदा लावून बघावी. आमच्याकडे अंगण नाही, गल्ली आहे, तिथं लावली असती तर अख्ख्या मल्हारगंजानं सल्ले दिले असते.

थंडीची बाकी तयारी थोडक्यात सांगते. रेडिएटरमध्ये आपल्याकडे पुष्कळ जण नळाचं पाणी भरतात. पाण्याचा बर्फ झाला की तो नऊ टक्क्यांनी फुगतो आणि इंजिनला तडा जाऊ शकतो, म्हणून कूलंट हवंच. डिझेलमध्ये मेण असतं, ते कडक थंडीत साकळून गाळणीत अडकतं. इंडियन ऑइलनं २०१९ मध्ये लडाखसाठी उणे ३३ अंशांपर्यंत न गोठणारं वेगळं डिझेल काढलं ते यासाठीच. इंदूरहून भरून नेलेलं डिझेल टाकीत तसंच ठेवू नये, वर गेल्यावर तिथल्या पंपावर भरावं. रात्री हॅंडब्रेक ओढून ठेवला तर तो गोठून चिकटतो, त्यापेक्षा गाडी गिअरमध्ये ठेवावी आणि चाकांना दगड लावावेत. हे सगळं मामाला माहीत होतं. मामाला गाडीचं सगळं माहीत होतं. माणसांचं मात्र आमच्यापैकी कुणालाच माहीत नव्हतं.

सिस्सूच्या अलीकडे एका गावात होमस्टेच्या आवारात आम्ही तंबू लावला. उंची तीन हजार मीटरच्या वर. समोर चंद्रा नदी, कडेनं गोठलेली, मधून काळी वाहणारी. रात्री उणे नऊ. होमस्टेच्या मालकीणबाई, आम्ही त्यांना अम्माच म्हणत होतो, त्यांचं पहिलं वाक्य होतं, "टेंट क्यों? कमरा है ना." बाबा हसले. एवढं लांब येऊन खोलीत काय झोपायचं?

पहिली रात्र ठीक गेली, आणि त्याचं श्रेय आजीच्या गोधड्यांना. थंडीत झोपताना लोक वरून पांघरुणं वाढवतात. खरी थंडी खालून येते. अंगाखालचा कापूस वजनानं दबतो, त्यातली हवा निघून जाते, आणि ऊब धरून ठेवते ती हवाच. म्हणून आधी फोमच्या चटया, त्यावर दोन गोधड्या, वर रजई. जुन्या लुगड्यांचे सात-आठ थर आणि मध्ये धावदोरा, म्हणजे हवेचे सात-आठ पापुद्रे. आजीला हे शास्त्र माहीत नाही, पण तिची गोधडी माझ्या महागड्या जॅकेटपेक्षा सरस ठरली. सकाळी तंबूच्या आतल्या बाजूला आमच्याच श्वासाचं दव गोठून पांढरं झालं होतं आणि हात लागला की तोंडावर भुरभुरायचं. त्याला कंटाळून दुसऱ्या रात्री आम्ही तंबूच्या वरच्या झडपा बंद केल्या. वारा येतो म्हणून खालच्या फटीही बर्फ लोटून बुजवल्या. वाक्य परत वाचा. आम्ही स्वतः, हातांनी, फटी बुजवल्या.

आणि शेगडी आत घेतली.

ही शेगडी मल्हारगंजातूनच आलेली. पत्र्याची, पोत्यात गुंडाळून, सोबत लाकडी कोळसा. आजीनंच दिली होती. जुन्या वाड्यात थंडीच्या रात्री हीच शेगडी मध्ये ठेवून सगळे भोवती बसायचे. आईनं ती बाहेर पेटवली, धूर पूर्ण जाऊ दिला, निखारे लालबुंद झाल्यावर आत आणली. "आता धूर नाही," ती म्हणाली. आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्यांचा हाच नियम: धूर गेला की शेगडी निरुपद्रवी.

मामा त्या वेळी अम्माच्या स्वयंपाकघरात बसून तिच्या मुलाशी गाड्यांवर गप्पा हाणत होता. हे नशीब.

अर्ध्यापाऊण तासानं भाऊ म्हणाला, डोकं दुखतंय. माझंही दुखत होतं. बाबा म्हणाले, उंचीमुळे, पाणी प्या. बरोबरच होतं. तीन हजार मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साधारण ७० टक्केच असतो, पहिले दोन दिवस डोकं दुखणं, मळमळणं, थकवा येणं हे अगदी पुस्तकातलं. आम्ही ते पाठ करून गेलो होतो. तेवढ्यात भावाला उलटीसारखं झालं. तो बाहेर गेला. पाचेक मिनिटांनी परत आला तेव्हा म्हणाला, "बाहेर बरं वाटतं गं ताई." आम्ही काय केलं? त्याला थंडी वाजत असेल म्हणून शाल गुंडाळली आणि शेगडीच्या आणखी जवळ बसवलं.

कोरोनापासून घरात असलेलं ऑक्सिमीटर आईनं त्याच्या बोटाला लावलं. ९४. त्या उंचीवर नव्वदच्या आसपास आलं तरी चालतं, त्यामुळे ९४ म्हणजे उत्तमच. आई निश्चिंत झाली. भाऊ झोपायला लागला. मलाही झोप येत होती, गोड, जड अशी. आई म्हणाली, झोपू दे त्याला, दमलाय.

अम्मा गरम पाण्याची पिशवी द्यायला आली म्हणून मी हे लिहिते आहे. तिनं पडदा उघडला, आत बघितलं, आणि काही न बोलता वाकून ती शेगडी ओढणीच्या टोकानं धरून बाहेर बर्फात फेकली. मग ओरडली, "बाहर! सब बाहर! बच्चे को उठाओ!" मी उठले आणि गुडघे वाकले. आई धडपडली. बाबांनी भावाला उचललं, तो उठतच नव्हता, नुसता कण्हत होता.

यानंतरचं मला तुकड्यातुकड्यांनी आठवतं. बर्फावर बसून घेतलेले श्वास. १०८ ला फोन. केलाँगच्या दवाखान्यात घेऊन या असं सांगितलं गेलं. तिथून तीसेक किलोमीटर. गाडी चालवू शकेल असा एकच माणूस, मामा, कारण तो तंबूत नव्हता. साखळ्या लावलेल्याच होत्या. रात्रीचे दहा, रस्ता काच झालेला. मामा एरवी बडबड्या, त्या रात्री एक शब्द बोलला नाही. उतार आला की थांबायचा, 'फोर लो', पहिला गिअर, मग सोडायचा. आम्ही सगळ्या खिडक्या उघड्या ठेवून बसलो होतो. उणे नऊमध्ये. आई दर मिनिटाला भावाला हाक मारत होती, तो "हं" म्हणायचा, आणि एकदा तो "हं" दोन-तीन हाकांनंतर आला. तांदीचा पूल ओलांडला तेव्हा तो म्हणाला, "आई, ओरडू नको ना." एवढं गोड वाक्य मी ऐकलेलं नाही. तीस किलोमीटरला पावणेदोन तास लागले.

डॉक्टरांचा पहिला प्रश्न होता, "अंदर क्या जलाया था?"

भावाला आणि आईला रात्रभर मास्कनं प्राणवायू दिला, मला आणि बाबांना थोडा कमी वेळ. सकाळी भावानं मॅगी मागितली.

आता समजावण्याचा भाग, आणि यात माझी लाज आहे. मी बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला आहे, विषय रसायनशास्त्र. कार्बन मोनॉक्साइड लोहाशी कसा जोडला जातो हे मी परीक्षेत आकृती काढून लिहून आले होते. पाच गुणांचा प्रश्न. आणि तोच वायू माझ्या रक्तात भरत असताना मी शेगडीला हात शेकत होते.

कोळसा भरपूर हवेत जळला की कार्बन डायऑक्साइड होतो. पण निखाऱ्यांच्या ढिगात आत हवा कमी पोचते. खालच्या थरात तयार झालेला कार्बन डायऑक्साइड वरच्या तापलेल्या कोळशातून जाताना आणखी एक कार्बन उचलतो आणि त्याचा कार्बन मोनॉक्साइड होतो. म्हणजे निखारे जेवढे छान लाल, रास जेवढी दाट, तेवढा हा वायू जोरात. धूर म्हणजे न जळलेले कण आणि तेलकट वाफा. तो गेला की आपल्याला वाटतं संकट गेलं. प्रत्यक्षात गेला तो इशारा. कार्बन मोनॉक्साइडला वास नाही, रंग नाही, डोळे चुरचुरत नाहीत, खोकला येत नाही.

रक्तातलं हिमोग्लोबिन प्राणवायूला धरतं आणि वेळ आली की सोडतं. कार्बन मोनॉक्साइडला ते प्राणवायूपेक्षा दोनशे ते अडीचशे पट घट्ट धरतं. इंदूर-भोपाळ बसमध्ये कुणी रुमाल टाकून जागा अडवावी आणि मग उठूच नये, तसं. हवेत हा वायू थोडासा असला तरी तासाभरात बऱ्याच जागा अडतात. वर डोंगरावर प्राणवायू मुळातच कमी, म्हणजे तोटा दुप्पट. आणि एकदा बसलेला हा प्रवासी लवकर उतरत नाही. साध्या हवेत निम्मा बाहेर पडायला चार-पाच तास लागतात, शुद्ध प्राणवायू दिला तर तेच काम तास-दीड तासात होतं. दवाखान्यात का जायचं, नुसतं बाहेर बसून का चालत नाही, त्याचं उत्तर हे.

ऑक्सिमीटरचं काय? ते बोटातून प्रकाश पाठवून रक्ताच्या लालीवरून अंदाज करतं. प्राणवायू घेतलेलं हिमोग्लोबिन लाल, न घेतलेलं काळसर. पण कार्बन मोनॉक्साइड घेतलेलंही लालच दिसतं. साध्या ऑक्सिमीटरला या दोन लालींतला फरक कळत नाही. भावाचा ९४ हा आकडा खोटा होता, आणि आईला त्यानंच धीर दिला. हे वाक्य तुमच्या घरी ज्यांच्याकडे ते यंत्र आहे त्यांना जरूर वाचून दाखवा.

उंचीचा त्रास आणि हा त्रास, दोन्हींत डोकं दुखतं, मळमळतं, गळून जायला होतं. ओळखायचं कसं? एक खूण अकरा वर्षांच्या पोरानं आम्हांला स्वतः सांगितली होती. बाहेर गेलं की बरं वाटतं, आत आलं की पुन्हा तेच. उंची तर तंबूच्या आत आणि बाहेर सारखीच असते! दुसरी खूण, सगळ्यांना एकदम होतं. मुलांना आधी, कारण त्यांचा श्वास जलद चालतो.

मग अम्माच्या घरात रात्रभर आग जळते ती कशी? तिच्या स्वयंपाकघरात मधोमध लोखंडी तंदूर आहे. पण त्याला पत्र्याचं धुराडं आहे, ते छपरातून बाहेर जातं. आग घरात, तिचा श्वास बाहेर. झोपण्यापूर्वी ती ते धुराडं बर्फानं बुजलं नाही ना हे बाहेर जाऊन बघते. आम्हांला तो जुनाट प्रकार वाटला होता. फोटोही काढला होता.

आणि आमच्या वाड्यात पिढ्यान्‌पिढ्या काही झालं नाही ते का? कारण वाडा गळका होता. कौलांतून आकाश दिसायचं, दाराच्या फटीतून मांजर यायची, छत उंच. आजी ज्याला आयुष्यभर गैरसोय म्हणत आली त्यानंच सगळ्यांना जगवलं. परत आल्यावर मी तिला हे सगळं सांगितलं. ती बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, तिच्या लहानपणी बाळंतिणीच्या खोलीत शेक-शेगडी ठेवून दारं-खिडक्या गच्च लावायचे, वारा लागू नये म्हणून. शेजारच्या वाड्यातली एक बाळंतीण सकाळी उठलीच नाही. बाहेरची बाधा झाली असं सगळे म्हणाले. आजी पुढे काही बोलली नाही, मीही विचारलं नाही.

आम्ही एकटेच असे नाही. जानेवारी २०२० मध्ये केरळातली दोन कुटुंबं नेपाळमध्ये दमन इथं हॉटेलच्या खोलीत गॅस हीटर लावून, दारं बंद करून झोपली. दोन जोडपी आणि चार मुलं, आठही जण गेले. जानेवारी २०२२ मध्ये पाकिस्तानात मरी या थंड हवेच्या ठिकाणी बर्फात गाड्या अडकल्या आणि किमान २२ माणसं गाड्यांतच दगावली. त्यांतले बरेच थंडीनं नव्हे तर या वायूनं गेले असावेत असं तेव्हाच सांगितलं गेलं. बर्फात अडकलेली गाडी ऊब मिळावी म्हणून चालू ठेवतात, बाहेर बर्फ साचतो, सायलेन्सरचं तोंड बुजतं, आणि इंजिनचा धूर गाडीखालून आत येतो. कधी अडकलात तर आधी उतरून सायलेन्सरभोवतीचा बर्फ खोऱ्यानं, हातानं, ताटानं काढायचा, तो पुनःपुन्हा काढत राहायचा, इंजिन थोडा वेळच चालवायचं आणि वाऱ्याच्या विरुद्ध बाजूची काच बोटभर खाली ठेवायची. मामाच्या जीपमध्ये आता एक छोटं खोरं कायमचं असतं. कार्बन मोनॉक्साइडचा बॅटरीवर चालणारा अलार्मही मिळतो. तो आम्ही आल्यावर घेतला, जायच्या आधी नव्हे.

हे सगळं वाचून तुम्ही म्हणाल, आम्ही कुठं लाहौलला जातोय? मीही तेच म्हणत होते. घरी आल्यावर तिसऱ्या दिवशी अंघोळीला गेले आणि वर बघितलं. आमच्या न्हाणीघरात गॅसचा गिझर आहे, आतच बसवलेला. त्याच्यावर हातभर झरोका. दर दिवाळीनंतर बाबा तो झरोका पुठ्ठ्यानं बंद करतात, थंडी येते म्हणून. दार बंद, झरोका बंद, चार पावलांची खोली, आणि आत गॅस जळतोय. तंबूच तो. गेल्या वर्षी भाऊ एकदा अंघोळ करून बाहेर आला आणि चक्कर येऊन पडला होता. आम्ही म्हटलं, उपाशी अंघोळ केली म्हणून.

मी टॉवेल गुंडाळूनच बाहेर आले आणि बाबांना हाक मारली. त्यांनी काही विचारलं नाही, स्टूल आणलं आणि पुठ्ठा काढला. पुढच्या आठवड्यात गिझर गच्चीवर, उघड्यावर हलवला, पाणी नळानं खाली येतं. आजीची तक्रार आहे की झरोक्यातून गार वारा येतो. ती हल्ली अंघोळ दुपारी बारा वाजता करते, ऊन आल्यावर, आणि रोज बाबांना त्याबद्दल चार शब्द ऐकवते. बाबा ऐकून घेतात.